डॉक्युमेंट्रीवाल्याने स्वतः फ्रेममध्ये यावं का?

रानजाई: माझं मत, शक्यतो येऊ नये. मॉर्गन स्परलॉकची 'सुपर साइज मी' (२००४) घ्या. तीस दिवस तिन्ही वेळ मॅकडोनाल्ड्सचंच खायचं, ११ किलो वजन वाढलं, लिव्हरचे रिपोर्ट बिघडले आणि जगाने विश्वास ठेवला कारण माणूस स्वतः सोसताना दिसत होता. आणि २०१७ मध्ये तोच लिहितो की गेल्या तीस वर्षांत आठवडाभरही मी दारूशिवाय राहिलेलो नाही! मग लिव्हर नक्की कशाने बिघडलं? फिल्ममध्ये तर डॉक्टरने विचारल्यावर आता घेत नाही म्हणून सांगतो. शाळांमधलं जेवण, लहान मुलांवर होणारा जाहिरातींचा मारा हे त्याचे मुद्दे खरे होते हो, पण सगळे स्वतःच्या पोटावर उभे केले आणि आता लोक त्या मुद्द्यांवरही हसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

भटक्या_७७: खोटं बोलला हा त्याचा दोष, फ्रेममध्ये आला हा नाही. कॅमेऱ्यामागे राहूनही खोटं बोलता येतं, फक्त ते पकडलं जात नाही. आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' बघा. ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई नगर, आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार, मग पोलिसांचा गोळीबार, दहा माणसं गेली, आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी आत्महत्या केली. घोगरे याच पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये गायले होते. आपला माणूस गेला म्हणून जो दिग्दर्शक १४ वर्षं शूट करत राहतो त्याने तटस्थ असल्याचं दाखवायचं कशाला?

रानजाई: पण त्यात पटवर्धन दिसतात किती? प्रश्न विचारतानाचा आवाज येतो, कॅमेरा मात्र वस्तीवर आणि शाहिरांवर. मला तेवढंच हवंय.

मीरा_क: मला 'बॉर्न इंटू ब्रॉथेल्स' आठवली, २००५ चं ऑस्कर मिळालेली. दिग्दर्शिका झाना ब्रिस्की कोलकात्याच्या सोनागाची या वेश्यावस्तीत जाते, मुलांना कॅमेरे देते, फोटो काढायला शिकवते, बोर्डिंगमध्ये अ‍ॅडमिशन मिळावी म्हणून शाळाशाळांत फिरते. सगळं मनापासून, शंकाच नाही. पण त्याच सोनागाचीत १९९५ पासून दरबार महिला समन्वय समिती आहे, तिथल्या बायकांची स्वतःची संघटना, आणि ती फिल्ममध्ये नाहीच. बघणाऱ्याला वाटतं बाहेरून ही ताई आली म्हणून काहीतरी झालं.

भटक्या_७७: अहो पण ती दिसते म्हणूनच तुम्ही हा आक्षेप घेऊ शकताय ना! तिने स्वतःला एडिटमध्ये कापलं असतं तर मुलं आपोआप शाळेत पोचली असंच वाटलं असतं. कॅमेरा घेऊन गेलात की तिथलं काही ना काही बदलतंच, मग बदलणारा माणूस दाखवलाच पाहिजे.

मीरा_क: हे पटतं. शिवाय पटवर्धनांचीच 'वसुधैव कुटुम्बकम' (२०२३) घ्या, स्वतःच्या आईवडिलांवरची. तिथे मुलगाच प्रश्न विचारतोय, तो बाहेर राहणार कसा?

रानजाई: घरच्यांची गोष्ट वेगळी, तिथे नातं आधीच आहे, कॅमेरा नंतर आला. ब्रिस्की दिसावी, चला मान्य, पण मग समितीतल्या एका बाईला तरी समोर बसवून विचारायचं होतं की मी हे करतेय ते तुम्हाला कसं वाटतं. दिग्दर्शक फ्रेममध्ये आला की त्याला उलट प्रश्न करणारं कुणीतरी त्याच फ्रेममध्ये हवं, नाहीतर तो बाहेरच बरा.