मदत हवी आहे: 'जतन करा', 'सेव्ह करा' की 'साठवा'? डॉक्समध्ये एकच शब्द कसा टिकवता?

नमस्कार मंडळी,

लहान वाचनालयांमधली पुस्तकांची देवघेव नोंदवणारा एक मुक्तस्रोत प्रोग्राम आम्ही चौघं सांभाळतो. नोकरी करून, रात्री नाहीतर रविवारी. कोड बरा चाललाय, डॉक्सचा, म्हणजे प्रोग्राम कसा वापरायचा ते सांगणाऱ्या पानांचा, मात्र मेळ राहिलेला नाही.

मागच्या आठवड्यात एका ग्रंथपालबाईंचा फोन आला. "यात 'साठवा' दाबा म्हटलंय, ते बटण कुठंच नाही हो." खरंच नव्हतं. पडद्यावर 'जतन करा' आहे, इन्स्टॉलेशनच्या पानावर 'सेव्ह करा' आणि सभासद नोंदणीच्या पानावर 'साठवा'. तिघांनी लिहिलेलं, ज्याचं त्याला बरोबरच वाटलेलं. बाई अर्धा तास बटण शोधत होत्या. फार वाईट वाटलं.

शब्दांची यादी एका शीटमध्ये केली होती, ती कोणी उघडत नाही. मग मी पुल रिक्वेस्टवर (कोणी बदल सामील करायला पाठवतं, त्यावर) शब्दाशब्दाला शेरे द्यायला लागले. एका मुलीनं पहिल्यांदाच एक पान लिहून पाठवलं, त्यावर माझे सतरा शेरे. ती परत आलीच नाही.

शिवाय शोधाचा घोळ. 'कोपऱ्यात' शोधलं की निम्मी पानं निसटतात. काहींनी 'ऱ' टंकलाय, काहींनी 'र'ला हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) लावलाय. दिसायला दोन्ही सारखेच, पण एनएफसी (युनिकोडमधली समान रूपं एकसारखी करायची पद्धत) करूनही ते एक होत नाहीत.

माणसं न दुखावता हे तपासायची पद्धत कोणी बसवली आहे का?

प्रतिसाद १

शीट बंद करा, यादी रेपोतच, म्हणजे कोड असतो तिथंच, ठेवा. त्यातही बटणांची नावं हातानं लिहू नका, भाषांतराच्या पीओ फाइलमधून उचला. पडद्यावर तेच दिसतं, त्यामुळे वाद उरत नाही.

तपासायला ग्रेपची (मजकुरात शब्द शोधणाऱ्या कमांडची) छोटी स्क्रिप्ट पुरते. फक्त मराठीत शब्दाची रूपं होतात: साठवून, साठवल्यावर. म्हणून 'साठव' एवढंच शोधा. त्यात 'साठवणीची जागा'सुद्धा पकडली जाईल आणि ती चूक नाही. तेव्हा स्क्रिप्टनं नुसती सूचना द्यावी, पुल रिक्वेस्ट अडवू नये. 'ऱ'चं काम कमिटच्या आधी, म्हणजे बदल नोंदवण्याआधी, आपोआप करून घ्या: र, हलन्त, झेडडब्ल्यूजे दिसलं की ऱ आणि हलन्त.

नवीन माणसाचं पान मात्र आधी मर्ज करा, म्हणजे सामील करून घ्या, शब्द नंतर तुम्ही बदला. आम्ही तसंच करतो.

धागाकर्ती

पीओ फाइल रोज उघडते, तरी हे सुचलं नव्हतं! एक शंका: उद्या बटणाचंच नाव बदललं तर जुनी पानं कशी सापडतील?

प्रतिसाद १

पीओमधला फरक गिट (बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) दाखवतं. जुनं नाव त्याच कमिटमध्ये 'टाळायचे शब्द' यादीत टाका, स्क्रिप्ट पानं शोधून देईल.

धागाकर्ती

मनापासून आभार. आज रात्रीच बसते. त्या मुलीचं पान अजून तसंच पडून आहे, ते आधी मर्ज करते आणि तिला कळवते.