जबड्याच्या गाठीच्या रिपोर्टमधला 'स्ट्रोमा' काय भानगड आहे?

कोल्हापूरकर_ताई: धाकट्या भावाच्या अक्कलदाढेजवळ सूज होती, दुखत काहीच नव्हतं म्हणून त्याने अंगावर काढलं. बायोप्सीत युनिसिस्टिक अमेलोब्लास्टोमा (दात बनवणाऱ्या ऊतकापासून होणारी, एकाच पोकळीची जबड्यातली गाठ), म्युरल टाइप आलाय. खाली लिहिलंय की स्ट्रोमामध्ये एसएमए (या पेशी ओळखायचं प्रथिन) पॉझिटिव्ह मायोफायब्रोब्लास्ट (स्नायूसारख्या आकसणाऱ्या पेशी) भरपूर आहेत. एक सर्जन म्हणतात खरवडून काढू, दुसरे म्हणतात हाड कापावं लागेल. कॅन्सर नाही म्हणतात मग एवढं कशाला?

पॅथवाला: ताई, स्ट्रोमा म्हणजे गाठीच्या पेशींभोवतीचा संयोजी ऊतक, कोलॅजन (मजबुती देणारे प्रथिनाचे धागे), रक्तवाहिन्या, फायब्रोब्लास्ट (हे धागे बनवणाऱ्या पेशी) सगळं त्यात आलं. तो नुसता बघत बसत नाही. गाठीतून टीजीएफ-बीटासारखे सिग्नल सुटले की साधे फायब्रोब्लास्ट मायोफायब्रोब्लास्ट बनतात, मग एमएमपी नावाची एन्झाइम वाढतात आणि आजूबाजूचं मॅट्रिक्स (पेशींमधलं धाग्यांचं जाळं) विरघळतं, त्यात आरएएनकेएल या प्रथिनामुळे ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जाग्या होऊन हाड खातात, म्हणजे गाठीला पुढची वाट आयतीच मिळते. डेंटिजेरस सिस्टमध्ये (न उगवलेल्या दाताभोवतीची द्रवाची पिशवी) हे मायोफायब्रोब्लास्ट सहसा कमी दिसतात, सॉलिड (नेहमीच्या भरीव) अमेलोब्लास्टोमा आणि ओकेसीमध्ये (ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट, जबड्यातली आक्रमक सिस्ट) जास्त. पण नुसत्या एसएमएवर ऑपरेशन ठरत नाही हं, तुमच्या रिपोर्टमधला खरा महत्त्वाचा शब्द 'म्युरल' आहे, म्हणजे गाठ सिस्टच्या भिंतीत शिरलीय.

एमडीएस_दुसरं_वर्ष: आमच्याकडे स्लाइडला पिक्रोसिरियस रेड हा कोलॅजनचा रंग लावून पोलराइज्ड लाइटखाली बघतात. जाड घट्ट कोलॅजन नारिंगी-लाल चमकतं, बारीक विस्कळीत हिरवट-पिवळं. आक्रमक गाठीत हिरवट जास्त असं वाचलंय, म्हणजे घट्ट कोलॅजन असलं की गाठ गरीब, बरोबर ना सर?

पॅथवाला: नाही रे. डेस्मोप्लास्टिक अमेलोब्लास्टोमा (याच गाठीचा दाट कोलॅजनवाला प्रकार) आठव, कोलॅजन इतकं दाट की गाठीची बेटं चेपून गेलेली, तरी एक्स-रेत कडा धूसर आणि ती हाडात शिरलेलीच असते. रंग बघून निकाल देऊ नकोस, व्हायवात (तोंडी परीक्षेत) हमखास विचारतात.

दाताचा_दादा: ताई, 'कॅन्सर नाही' यावर जाऊ नका. एक्स-रेत दिसते त्याच्या पलीकडे स्पंजी हाडाच्या पोकळ्यांतून ही पसरते, म्हणून रिसेक्शन (हाड कापून गाठ काढणं) करताना साधारण 1 ते 2 सेमी निरोगी हाड सोबत काढतात. म्युरलला बरेच सर्जन सॉलिडसारखंच धरतात आणि नुसतं खरवडलं तर परत यायची शक्यता जास्त, तीही कधीकधी 10 वर्षांनी. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून घेऊन ओरल पॅथॉलॉजिस्टकडून सेकंड ओपिनियन घ्या, आणि सर्जनना विचारा की हाड काढलं तर प्लेट लावणार की पायाचं फिब्युला हे हाड बसवणार, दात कधी बसवता येतील. भाऊ तरुण आहे, तो हेच आधी विचारेल बघा.