घरकामाचे मुलांना पैसे द्यावेत का?

दोन मुलांची आई:

आमचा मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी सहा वर्षांची आहे. मुलांना पैशाची किंमत कळावी म्हणून दोन महिन्यांपूर्वी आम्ही नवराबायकोने कपाटाच्या दारावर एक तक्ता चिकटवला. चादरींच्या घड्या, चपलांची मांडणी, टेबल पुसणे, झाडांना पाणी घालणे, आणि प्रत्येक कामापुढे त्याचा दर. पहिले तीन आठवडे घर लखलखत होते. मुलगी तर पुसलेलेच टेबल पुन्हा पुसायला धावत असे, कारण तक्त्यात ‘दिवसातून एकदाच’ असे लिहायचे आम्ही विसरलो होतो.

मग गेल्या मंगळवारी मी मुलाला वाळलेल्या चादरींच्या घड्या घालायला हाक मारली. त्याने फडताळावरची काचेची बरणी काढली, नाणी जमिनीवर ओतून मोजली, पुन्हा बरणीत भरली आणि म्हणाला, “आई, मला सध्या पैशांची गरज नाही, आज तू दुसऱ्या कोणाला तरी सांग.” त्याच्या बोलण्यात उद्धटपणाचा लवलेशही नव्हता. शेजारच्या खोलीत ह्यांना हसू आवरेना, मीही तोंड फिरवून हसले. पण रात्री मला झोप लागेना. त्यातच झोपण्यापूर्वी धाकटीने विचारले होते की, बाबा भांडी घासतात त्याचे पैसे त्यांना कोण देते. तक्ता काढून टाकावा का? आणि काढला तर आपली फसवणूक झाली असे मुलांना वाटू नये, यासाठी काय करावे?

मानसशास्त्राचा शिक्षक:

ताई, तुमचा मुलगा चुकलेला नाही. तुम्ही कामाला दर लावला, आणि तो दर घेऊन काम करायचे की नाही, हे त्याने ठरवले. 2000 साली उरी ग्नीझी आणि अल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमधील हैफा शहरातील 10 पाळणाघरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी 6 पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावण्यात आला, तेव्हा उशीर कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाला. आधी ताटकळणाऱ्या शिक्षिकेपुढे पालकांना संकोच वाटत असे, आता पैसे भरले की हिशेब मिटत होता. पुढे दंड बंद झाला, तरी उशिरा येणे काही कमी झाले नाही. म्हणून तक्ता फाडला की दुसऱ्या दिवसापासून सारे पूर्ववत होईल, अशी अपेक्षा ठेवू नका. काही आठवडे धीर धरावा लागेल.

अशा चर्चेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा 1973 सालचा प्रयोगही सांगितला जातो. चित्र काढल्याबद्दल ज्यांना बक्षीस आधीच कबूल केले होते, ती मुले नंतर आपणहून चित्रे काढण्यात कमी रमली, असे त्यात दिसले. पण त्या मुलांना चित्रकलेची मुळातच आवड होती. चादरींच्या घड्यांची आवड असलेले मूल मी तरी अजून पाहिलेले नाही, तेव्हा तो प्रयोग तुमच्या घराला जसाच्या तसा लावू नये.

तिघांचा बाबा:

आम्ही हातखर्चाचे पैसे आणि घरकाम यांची फारकत केली आहे. ठरलेल्या वारी ठरलेली रक्कम मिळते, काम केले म्हणूनही नाही आणि राहिले म्हणून कापूनही नाही. घरकाम घरात राहणाऱ्या प्रत्येकाचे. पैशाची किंमत मुले कमावण्यापेक्षा पैसे संपण्यातून अधिक शिकतात, असा माझा अनुभव आहे. मधल्याने पहिल्याच दिवशी सगळे उडवले आणि उरलेले सहा दिवस तो धाकट्याशी फार गोड वागत होता. त्या सहा दिवसांत त्याला एक नाणेही न देणे मला जड गेले, पण तेवढे पथ्य पाळाच.

एक नवरा:

मला धाकटीचा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. मुले तक्त्याआधीपासून आपले हिशेब ऐकत असतात, कारण “या घरात सगळे मलाच बघावे लागते” हे वाक्य बहुतेक घरांत दोन्ही बाजूंनी उच्चारले जाते. रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली नवराबायकोंना घरातल्या कामांतला आपापला वाटा वेगवेगळा विचारला, तर बहुतेक कामांत दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांपेक्षा जास्त भरली. स्वतः केलेले काम सहज आठवते, जोडीदाराचे तितके आठवत नाही. हे वाचल्यावर आम्हीही चिठ्ठ्यांवर टक्के लिहिले. माझे 60 आणि हिचे 75! दोघेही पोट धरून हसलो, आणि मग हिने मला न दिसणारी कामे एकेक करून सांगितली, तेव्हा मी माझा आकडा खोडला.

दोन मुलांची आई:

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी चौघांनी बसून तक्ता काढला. दर लावण्यात आमची चूक झाली, हे आम्ही मुलांना सरळ सांगितले, आणि बरणीतले पैसे त्यांचेच राहतील असा शब्द दिला. मुलाने तरीही बरणी एकदा मोजून घेतली. काल मी चादर झटकली तेव्हा तो काही न बोलता आला आणि त्याने दुसरी बाजू धरली. कोपरे जुळले नाहीत, पण घडी झाली. टेबल पुसायला मात्र मुलगी अजून तयार नाही.