केंब्रिज पाहायला गाईड हवा की नको?

पायवाट

"मुलाकडे लंडनला आलोय, एक दिवस केंब्रिज करायचंय, गाईड घेऊ का?" हा प्रश्न इथे दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. उत्तरंही ठरलेली. गाईड घ्या, होडीत बसा, किंग्ज कॉलेज बघा, न्यूटनच्या झाडापाशी फोटो काढा, संध्याकाळच्या गाडीने परत. माझं मत नेमकं उलटं आहे, म्हणून हा वेगळा धागा.

केंब्रिज आपलं आपण, पायी आणि चित्रं-शिल्पं-इमारती डोळ्यांपुढे ठेवून पाहावं. गाव एवढंसं आहे. दक्षिणेला फिट्झविल्यम म्युझियम, उत्तरेला टेकाडावर केटल्स यार्ड हे चित्रा-शिल्पांचं घर, मधलं अंतर रमतगमत अर्ध्या तासाचं. फिट्झविल्यमला प्रवेश फुकट (सोमवारी बंद!). तिथली टिशियन, मोने या चित्रकारांची चित्रं बघा, आणि चिनी फुलदाण्या बघताना बुटाची नाडी बांधलेली असू द्या. 2006 मध्ये एक पाहुणा नाडीत अडखळून जिन्यावरून आला आणि तीन फुलदाण्यांचा चुराडा झाला. मग ट्रम्पिंग्टन स्ट्रीटने सरळ वर यायचं. कोपऱ्यावर कॉर्पस कॉलेजचं 2008 चं सोनेरी घड्याळ, वर मिनिटं गिळणारा नाकतोडा बसलाय. हे घड्याळ दर पाच मिनिटांनी एकदाच बरोबर वेळ दाखवतं, तेही मुद्दाम. मग किंग्जचं चॅपल. 1446 मध्ये पाया घातला, 1515 मध्ये छत पुरं झालं. सुमारे 88 मीटर लांब दगडी छत, पंखे उलगडल्यासारखं.

पण माझ्या लेखी सगळ्यावर कडी केटल्स यार्डची. जिम ईड नावाचा माणूस, आधी लंडनच्या टेट गॅलरीत काम केलेला. त्याने 1957 च्या सुमारास चार पडकी घरं जोडून एक घर केलं आणि रोज दुपारी विद्यार्थ्यांना दार उघडं ठेवलं. 1966 मध्ये ते विद्यापीठाला देऊन टाकलं. आत एकाही चित्राखाली पाटी नाही. एका टेबलावर गोटे, आकाराच्या क्रमाने गोल गोल वळत मांडलेले. ताटलीत एक लिंबू, खरंखुरं, आणि जवळच्या, मिरो या चित्रकाराच्या चित्रात तेवढाच पिवळा ठिपका. हा ठिपका आपला आपल्याला दिसला पाहिजे. शेजारी कुणी "नाऊ, लुक ॲट द लेमन" म्हणालं की संपलं.

गाईडबद्दल एवढंच सांगते. होडीवाले अजून ऐकवतात की क्वीन्स कॉलेजचा लाकडी पूल न्यूटनने खिळ्याशिवाय बांधला होता. न्यूटन गेला 1727 ला, पूल झाला 1749 ला. आणि त्याचे बोल्ट नदीतूनच दिसतात.

---

बखरबहाद्दर

ताई, होडी ढकलणाऱ्या पोराला गाईड म्हणायचं आणि मग गाईडांना झोडपायचं, ही कुठली रीत? तिथे परीक्षा देऊन बिल्ला मिळवलेले गाईड असतात. त्यांच्याबद्दल बोला.

तुमच्याच वाटेवरचं एक ठिकाण घेतो, जे तुम्ही एका शब्दाने न सांगता ओलांडलंत. किंग्जच्या शेजारी सेनेट हाऊस. 1730 ची पांढरी इमारत, खांब, हिरवळ, सगळं छान. तुमची कलादृष्टी घेऊन समोर उभे राहिलात तर "वा, काय प्रमाणबद्ध!" म्हणून पुढे जाल. पण गणिताच्या परीक्षेचे निकाल तिथे मोठ्याने वाचत. पहिला येणारा तो सीनियर रँग्लर. 1890 मध्ये फिलिपा फॉसेट या मुलीचं नाव "सीनियर रँग्लरच्या वर" असं वाचलं गेलं. वर! पण मुलगी, म्हणून पदवी नाही. 1897 मध्ये बायकांना पदवी द्यावी की नाही यावर मतदान झालं, तेव्हा समोरच्या पुस्तकाच्या दुकानावर पोरांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा लटकवला होता. ठराव आपटला. त्या वेळी सेंट जॉन्समध्ये आपले र. पु. परांजपे शिकत होते. दोन वर्षांनी, 1899 मध्ये, ते सीनियर रँग्लर झाले, दुसऱ्या एकाबरोबर विभागून. पुढे त्यांची मुलगी शकुंतला न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजात गणितच शिकायला गेली. आणि केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी दिली कधी? 1948 ला.

यातलं काय दिसतं दगडाकडे बघून?

---

पायवाट

काहीच नाही, मान्य. पण हे तुम्ही मला इथे, फुकटात, आठ-दहा ओळींत सांगितलंत. आता मी ते वाचून जाईन आणि त्या दुकानासमोर मला हवा तितका वेळ उभी राहीन. तिथे आजही पुस्तकंच विकतात. गाईडबरोबर असते तर दीड मिनिट मिळालं असतं, त्यातही पुढच्या माणसाची सेल्फी काठी मध्ये.

---

गिरणगावकर

दोघांचंही वाचलं. एकाला उमरावाचं म्युझियम, दुसऱ्याला रँग्लर. त्या कॉलेजांच्या आणि चर्चांच्या भिंती रंगवल्या कुणी, ते विचाराल की नाही?

ग्विडिर स्ट्रीट, मिल रोडच्या बाजूला. कामगारांच्या घरांची रांग. त्यात डेव्हिड पार नावाच्या रंगाऱ्याचं घर आहे. हा माणूस दिवसभर शहरातल्या एका नामांकित सजावट कंपनीसाठी चर्चच्या आणि श्रीमंतांच्या भिंती रंगवायचा. 1886 मध्ये त्याने हे घर घेतलं आणि पुढची चाळीस वर्षं, रात्री घरी आल्यावर, मेणबत्तीच्या उजेडात स्वतःच्या भिंती तशाच रंगवल्या. वेली, पानं, फुलं, वर पट्टीवर अक्षरं. बैठकीची खोली आपल्या चाळीतल्या खोलीपेक्षा फार मोठी नाही, आणि भिंत मात्र थेट चर्चची. तो गेल्यावर नात राहायला आली ती पंच्याऐंशी वर्षं तिथेच राहिली. भिंतींना तिने धक्का लावला नाही. पाहुण्यांना घर खुलं झालं ते 2019 मध्ये.

आता पायवाटताई, गंमत अशी की हे घर तुमच्या पद्धतीने पाहताच येत नाही. आधी नाव नोंदवायचं, मोजकी माणसं एका वेळी आत, आणि सोबत गाईड. खोल्या इतक्या लहान आहेत की कोपर लागलं तरी रंग जाईल. तुमच्या नियमाने केंब्रिजमधली सगळ्यात चांगली भिंत यादीतून बाद.

गाईड नकोच असेल तर जीझस लेनवरचं ऑल सेंट्स चर्च बघा. तिथे भिंती रंगवणाऱ्या हातांत पारचेही हात होते. शंभरातले नव्व्याण्णव लोक त्याच्या दारावरून कॉलेज शोधत पुढे जातात.

---

केतकी_लीड्स

केटल्स यार्डमध्ये पाटी नाही हे मलाही आवडतं. पण "पाटी नको, गाईड नको, डोळे पुरेत" हे फिट्झविल्यमला लावू नका, प्लीज.

ते म्युझियम 1816 मध्ये व्हायकाउंट फिट्झविल्यमच्या मृत्युपत्रातून उभं राहिलं. चित्रं दिली, शिवाय 1 लाख पौंड. पैसा आला कुठून? बराचसा आजोबांकडून, मॅथ्यू डेकर. हे साउथ सी कंपनीचे संचालक, म्हणजे गुलामांचा व्यापार, आणि ईस्ट इंडिया कंपनीचेही संचालक. म्युझियमने स्वतः 2023 मध्ये प्रदर्शन भरवून हे मांडलं. नुसते खांब आणि संगमरवरी जिना बघत फिरलात तर हे कळायला मार्ग नाही.

दुसरं, जीझस कॉलेज. तिथे पितळेचा कोंबडा होता, आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्याचा, 1897 च्या ब्रिटिश स्वारीत लुटलेला. 1905 मध्ये एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी कॉलेजला दिला. आधी विद्यार्थ्यांनीच आवाज उठवला, आणि अखेर ऑक्टोबर 2021 मध्ये कॉलेजने तो नायजेरियाला परत केला. आज तुम्ही तिथल्या हिरवळीवर आधुनिक शिल्पं बघत फिराल, फार सुंदर आहेत, पण जे तिथे *नाही* ते कोण दाखवणार?

आणि ताई, एकटं फिरतानाही कुणीतरी आपल्याला फिरवतच असतं. भिंतीवर काय टांगायचं, तळघरात काय ठेवायचं, पाटीवर काय लिहायचं, हे आधीच कुणी ठरवलेलं असतं. जिम ईडने लिंबू ठेवलं ते तुम्हाला ठिपका दिसावा म्हणूनच ना? फक्त हा गाईड बोलत नाही.

---

पायवाट

लिंबाचा मुद्दा लागला. पण ठेवणारा आणि बोलणारा यांत फरक आहेच. ईडचं लिंबू मी न बघता पुढे जाऊ शकते, तो रागावत नाही. डेकरसाहेबांबद्दल मात्र बरोबर आहे. पण म्हणून म्युझियमने ते पाटीवर कायमचं लिहावं. बाहेरचा भाडोत्री माणूस ते सांगेल की वगळेल, हे त्याच्या मर्जीवर का सोडायचं? होडीत पाहुण्यांना न्यूटनच हवा असतो, म्हणून तर न्यूटन मिळतो.

---

आबासाहेब_सांगली

मंडळी, वाद छान चाललाय, पण वयाचं कुणी बोललं नाही. मी सत्तरीचा, सौ.चे गुडघे गेलेले. आम्ही गाईडवाली फेरी घेतली. माणूस विद्वान होता, पण दोन तासांत एकदाही बसू दिलं नाही. शेवटी आम्ही फेरी सोडली आणि किंग्जमध्ये सायंप्रार्थनेला जाऊन बसलो. दिवसा चॅपलला तिकीट आहे, प्रार्थनेला नाही. बसायला लाकडी आसनं, वर ते छत, पोरांचा स्वर. सौ. म्हणाली, एवढंच पाहिलं असतं तरी चाललं असतं.

दुसरं म्हणजे आपले लोक मे-जूनमध्ये जातात आणि नेमक्या तेव्हा तिथे परीक्षा. बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात. गाईड असो नसो, फाटकाबाहेरूनच नमस्कार.

---

खगोलवेडा

एवढा मोठा धागा आणि नारळीकरांचं नाव नाही? 1957 ते 1972, पंधरा वर्षं केंब्रिजमध्ये. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयलबरोबरचं काम तिथलंच, किंग्जचे फेलोसुद्धा. मॅडिंग्ली रोडवर खगोलशास्त्राच्या संस्थेत हॉयलचा पुतळा आहे, मी मुद्दाम गेलो होतो. कला-बिला ठीक आहे, पण मराठी माणसाने आधी तिकडे जावं. किंग्जच्या पुलाजवळ चिनी कवी शू झिमोच्या ओळींची पांढरी शिळा आहे. चिनी लोक कुठून कुठून येऊन तिथे उभे राहतात. आपण का नाही?

---

पायवाट

जा की, कोण नको म्हणतंय. पण मग ती आपल्या माणसांची यात्रा झाली, शहर बघणं नव्हे. शू झिमोची शिळा लागली ती एका कवितेमुळे, वर्गात पहिला आला म्हणून नव्हे.

---

बखरबहाद्दर

ताई, यात्रेला नाक मुरडू नका. ट्रिनिटीच्या रेन ग्रंथालयात तुम्ही 1695 ची इमारत आणि कवी बायरनचा संगमरवरी पुतळा बघायला जाल. मी जाईन ते 1976 मध्ये तिथल्या कागदांच्या ढिगात रामानुजनची हरवलेली वही सापडली म्हणून. रांग एकच, दार एकच. पाहुण्यांसाठी ठराविक वेळच असते, तेव्हा दोघांनीही आधी विचारून जावं.

आणि गिरणगावकर, त्या रंगाऱ्याच्या घराचं बुकिंग किती आधी करावं लागतं? तिथे मात्र मी गाईडसकट येतो.

---

गिरणगावकर

जागा भराभर जातात, तिकीट काढायच्या आधी हे काढा. आणि बाहेर पडल्यावर मिल रोडवरच जेवा, किंग्जसमोर नको. खिशाला परवडेल.