मदत हवी आहे: तळघर बसण्याजोगं करायचंय, पण पाणी फुटतंय

नमस्कार मंडळी,

सेलूला (जि. परभणी) आमचं घर आहे. २०१४ साली बांधताना वडिलांनी हौसेनं खाली तळघर काढलं, १२ बाय १८ चं, सोयाबीन ठेवायला. सोयाबीन तिथं एकच वर्ष राहिलं. पोत्यांना बुरशी आली, आणि तेव्हापासून खाली नुसती अडगळ. भिंती काळ्या दगडाच्या, आतून गिलावा नाही, खाली कोबा. उंची साडेआठ फूट, त्यातली दोन फूट जमिनीच्या वर. तिथं दोन झरोके आहेत.

हा खटाटोप मे महिन्यासाठी. वर पंखा गरम वारा फेकतो, कुलरला पाणी पुरत नाही, आणि खाली चार पायऱ्या उतरलं की गार वाटतं. आई सत्तरीची आहे. तिला दुपारी टेकायला आणि पोरीला अभ्यासाला जागा व्हावी, एवढंच.

अडचण पावसाळ्याची. मृग-आर्द्रा कोरडे जातात, पण मघा-पूर्वात भिंतीच्या बुडाशी ओल चढते, कोपऱ्यातून पाणी झिरपतं. एखाद्या वर्षी घोट्याएवढं साचतं. ओसरलं की दगडांच्या सांध्यांत पांढरं मीठ फुटतं. २०२१ ला एका ठेकेदाराकडून आतून वॉटरप्रूफिंगचं औषध लावून घेतलं, ३८ हजार गेले. दिवाळीच्या आधीच भिंतीवर बोराएवढे फोड. एक स्क्रूड्रायव्हरनं टोचला तर चक्क पिचकारी उडाली! ठेकेदार म्हणतो, "तुमची मातीच तशी." आहेच म्हणा. उन्हाळ्यात परसात अशा भेगा पडतात की पोरीची गोटी गेली ती गेलीच.

आता दुसरा एक जण पीव्हीसी पॅनेल, वर पीओपी, खाली व्हिनाइल असं सगळं १ लाख ८० हजारांत 'हॉटेलसारखं' करून देतो म्हणतो. आमचे मिस्त्री म्हणतात, "दादा, बाहेरून पाणी येतंय, आतून नटवून काय उपेग?" बाहेरून खणायचं तर एका बाजूला चुलत्यांची भिंत लागून आहे, तिकडं कुदळ चालत नाही. घराच्या मागं जुना आड आहे, साधारण १५ फुटांवर. काय करावं?

प्रतिसाद:

दादा, मिस्त्रींचं ऐका. नांदेडकडं बांधकामातच आहे मी, असली पॅनेलं दोन वर्षांनी काढायला आम्हालाच बोलावतात. मागं काळी बुरशी असते, ती दिसत नाही म्हणून बरं वाटतं एवढंच.

तुमच्याकडं आड आहे, म्हणजे मीटरच आहे की! दर आठवड्याला दोर सोडून पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते लिहून ठेवा. तळघराचा कोबा जमिनीखाली साडेसहा फूट. आडातलं पाणी त्याच्या वर उभं राहत असेल, तर ते भिंतीला बाहेरून ढकलतंय. आतल्या औषधाला ते मागून रेटतं, म्हणून फोड. पाणी खालीच असेल, तर दोष छताच्या पन्हळीचा आणि परसातल्या उताराचा, आणि तो स्वस्तात सुटतो. कोब्यावर दोन फूट प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून दोन दिवस ठेवा. थेंब कागदाखाली आले तर ओल जमिनीतून, वरच्या अंगाला आले तर हवेतली.

काहीही असो, पन्हळीचं पाणी आधी भिंतीपासून लांब न्या. ज्या तीन बाजू मोकळ्या आहेत तिथं भिंतीलगत काळी माती काढून मुरूम भरा. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भिंतीलगत फट सोडते. पहिलं पाणी त्याच फटीतून खाली जातं. एकदम सगळी चर खणू नका, तुकड्या-तुकड्यानं घ्या. वर तीन फुटांची फरसबंदी, उतार बाहेर. चुलत्यांच्या बाजूला आतूनच कोब्याच्या कडेनं खडीत छिद्राचा पाइप टाकून कोपऱ्यात खड्डा आणि फ्लोटचा पंप, म्हणजे पाणी चढलं की आपोआप चालू होणारा. पंप इन्व्हर्टरवर घ्या, कारण पाऊस आला की लाइट जाते.

पावसाळ्यात झरोके उघडे टाकू नका, बाहेरची दमट हवा थंड भिंतीवर घाम धरते. कुलर तर नकोच. गॅस सिलिंडर, जनरेटर खाली नेऊ नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. बसायला ठीक, पण एकच जिना असताना आईला रात्री खाली झोपवू नका. तळघर राहायला वापरायची परवानगी सहसा मिळत नाही, नगरपालिकेत आधी विचारा.

धागाकर्ता (पोळ्यानंतर):

उशीर झाला, माफ करा. पोळ्याला मोजलं: आडातलं पाणी जमिनीपासून ५ फुटांवर! म्हणजे कोब्याच्या दीड फूट वर. कागदाखाली थेंबच थेंब. पॅनेलवाल्याला नाही म्हणून सांगितलं, तो रुसला. पन्हळ या आठवड्यात वळवतोय, खणायचं काम उन्हाळ्यात.

एकच शंका राहिली. पंपाचं पाणी कुठं सोडू? आई म्हणते आडातच सोड, वाया जायला नको. पण मग ते फिरून तळघरातच येणार ना?