जैन देवाला जगाचा कर्ता मानत नाहीत, मग बस्तीत (जैन मंदिरात) रोज पूजा कुणाची?

सांगलीत_नवा
बदली होऊन सांगलीत आलोय. घरमालक दिगंबर जैन. काकू रोज सकाळी आंघोळ करून तांदळाची डबी घेऊन बस्तीत जातात. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हटलं, "काकू, देवाकडे आमच्यासाठीही काही मागा." त्या म्हणाल्या, "अहो, आमचा देव काही देत नाही. आणि जग त्यानं केलेलंही नाही." मी वारकरी घरातला. आमचा विठोबा जनाबाईला दळू लागतो. जो देत नाही, करत नाही, त्याला देव का म्हणायचं? काकूंना किती खोदून विचारणार, म्हणून इथे विचारतोय.

श्राविका_जयसिंगपूर
काकू बरोबर बोलल्या. आमच्या शास्त्राप्रमाणे जग कुणी घडवलेलं नाही. ते अनादि आहे, अनंत आहे. जीवही अनादि काळापासून कर्मानं बांधलेले. आणि कर्म म्हणजे पापपुण्याची नुसती नोंद नव्हे, ते अतिसूक्ष्म पुद्गल, म्हणजे जड द्रव्य आहे. राग (म्हणजे आसक्ती) आणि द्वेष उठले की ओल्या अंगाला धूळ बसावी तसं ते जीवाला चिकटतं. ते पुरतं झडलं की जीवाचं मूळ रूप उरतं: अनंत ज्ञान, अनंत दर्शन, अनंत सुख, अनंत वीर्य म्हणजे शक्ती. असा जीव हाच आमचा देव. चार घातिकर्मं, म्हणजे जीवाचे मूळ गुण झाकणारी कर्मं, संपवलेले पण देहात असलेले ते अरिहंत, आठही कर्मं संपलेले ते सिद्ध. म्हणजे देव एक नाही, अनंत आहेत, आणि ती योग्यता तुमच्याआमच्यातही आहे.

काकू त्या तांदळाचं काय करतात ते एकदा बघा. पाटावर स्वस्तिक काढतात. त्याच्या चार भुजा म्हणजे चार गती: देव, मनुष्य, तिर्यंच (पशुपक्षी वगैरे), नरक. त्यावर तीन पुंजके, सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र्याचे. सगळ्यात वर चंद्रकोर आणि तिच्यात एक पुंजका: सिद्धशिला, म्हणजे मुक्त जीवांचं स्थान, आणि सिद्ध. स्वर्गातले देव कुठे आले बघा, खाली स्वस्तिकात, आपल्याच रांगेत. इंद्राचंही आयुष्य संपतं. मोक्ष फक्त मनुष्यजन्मातून.

णमोकार मंत्रात पाच पदांना नमस्कार आहे. नाव कुणाचंच नाही, महावीरांचंसुद्धा नाही, आणि मागणं एकही नाही. तत्त्वार्थसूत्र या आमच्या ग्रंथाच्या पाठाआधी जो श्लोक म्हणतात तो 'वन्दे तद्गुणलब्धये' असा संपतो. त्यांचे गुण मला लाभावेत म्हणून वंदन. पूजा एवढ्यासाठीच. मूर्ती काही करणार नाही, त्या वीतराग, म्हणजे आसक्ती संपलेल्या, मुद्रेसमोर बसून आपलं आपल्यालाच करायचं असतं.

कर्त्या देवाबद्दलचे आमचे आक्षेपही जुने आहेत. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, आचार्य जिनसेनांनी महापुराणात विचारलं: देव कृतार्थ असेल, म्हणजे त्याला मिळवायचं काहीच उरलं नसेल, तर त्याला जग करायची इच्छा झालीच कशी? आणि कृतार्थ नसेल तर जे कुंभाराला जमत नाही ते त्याला कसं जमेल? मला अजून याचं समाधानकारक उत्तर कुणी दिलेलं नाही.

रिद्धपूरचा_वाटसरू
मी महानुभाव. आमच्याकडे चार पदार्थ अनादि: जीव, देवता, प्रपंच (म्हणजे हे जड जग), परमेश्वर. देवता कर्माची फळं देतात, मोक्ष देऊ शकत नाहीत. इथवर ताईंचं आणि आमचं बरंच जुळतं. पण आमचा जीव परमेश्वर कधीच होत नाही. जीवाला सोडवायला परमेश्वर स्वतः कृपेनं अवतार घेतो. सर्वज्ञ श्रीचक्रधर याच महाराष्ट्रात पायी फिरले ते त्यासाठीच. ती कृपा नसेल तर जीवानं एकट्यानं काय करावं, हे मला जैन मतात सापडत नाही.

दापोलीकर_७८६
आमचं म्हणणं सूरह इख्लासच्या चार आयतींत आलंय. अल्लाह एक आहे. त्याला कुणाची गरज नाही, सगळ्यांना त्याची आहे. त्यानं कुणाला जन्म दिला नाही, त्यालाही कुणी दिला नाही. त्याच्या बरोबरीचं कुणी नाही. म्हणून मूर्ती नाही, आणि माणूस कधी त्या जागी पोचेल हा प्रश्नच येत नाही. मागण्याचं मात्र उलट आहे. चपलेचा बंद तुटला तरी त्याच्याकडेच मागा, असं लहानपणी शिकवतात. न मागणं ही आमच्याकडे मोठेपणाची गोष्ट नाही.

सांगलीत_नवा
ताई, मग बस्तीत एका बाजूला साडी नेसवलेली पद्मावती आहे, काकू तिची ओटी भरतात. तिथे मागतातच ना?

श्राविका_जयसिंगपूर
मागतात, आणि त्यावर आमच्यातच वाद आहे. पद्मावती ही तीर्थंकर पार्श्वनाथांची शासनदेवी, म्हणजे रक्षक देवी. ती देवगतीतली, म्हणजे संसारातलीच. दिगंबरांतले तेरापंथी तिची पूजा मानत नाहीत, आमच्या भागात बीसपंथी या दुसऱ्या शाखेची परंपरा असल्यानं ती चालते. मुलीचं लग्न अडलं, घरात आजारपण आलं की बायका तिच्याशी बोलतात. मला त्यात गैर वाटत नाही. तिला तीर्थंकरांच्या बरोबरीनं बसवलं तर मात्र पटत नाही. माझ्या सासूबाई दर शुक्रवारी तिची ओटी भरायच्या, पण शेवटच्या आजारपणात त्यांनी कुणाकडेच बरं कर म्हणून मागितलं नाही. फक्त णमोकार. दोन्ही एकाच बाईनं केलं, आणि मला ते विसंगत वाटत नाही.

काकूंना बिनधास्त विचारा, त्यांना आवडेलच. भाद्रपदात दशलक्षण पर्व असतं, तेव्हा बस्तीत प्रवचनं होतात. काकूंबरोबर जाऊन बसा, कुणी नको म्हणणार नाही.