ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधून घूंऽऽ आवाज: बॉक्स उतरवू की तेल बदलू?

साताराकर_72
नमस्कार मंडळी. गाडी सात सीटर डिझेल, 6 गिअरची ऑटोमॅटिक (टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत बॉक्सला जाते; मॅन्युअल बॉक्सचे गिअर यंत्राने बदलणारी एएमटी नव्हे), 1,12,000 किमी. मेहुण्यांकडून घेतलेली, त्यामुळे तक्रारीची सोय नाही. गेला महिनाभर सकाळी गाडी सुरू केली की पहिली दहा मिनिटं पुढच्या सीटखालून घूंऽऽ येतं. गिरणीत दाणे संपले की जातं रिकामं घुमतं ना, तसं. आधी सौ.ला ऐकू आलं, मी म्हटलं एसीचं असेल. परवा पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलो आणि आवाज एवढा वाढला की तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

एका गॅरेजवाल्याने चक्कर मारून सांगितलं, "आतले गिअर गेले, बॉक्स उतरवावा लागेल, 90 हजार धरून चाला." दुसऱ्याने ड्रममधलं लाल तेल दाखवलं, "जरा जाड आहे, टाकलं की आवाज दबेल." गिअर व्यवस्थित पडतात, झटका नाही, घसरत नाही. काय करू?

रोजचा_एक्सप्रेसवे
माझ्या गाडीला असंच होतं. अ‍ॅडिटिव्हची बाटली ओतली, आवाज बंद. सहा महिन्यांनी गाडी विकली, पुढचं माहीत नाही.

तेलकट_हात
पुढचं मला माहीत आहे, तसल्या गाड्या माझ्याकडे येतात. बाटलीचं नाव काढू नका.

सर, बॉक्सला पाना लावू देऊ नका अजून. कोल्हापुरात उद्यमनगरात 26 वर्षं झाली, विनाकारण उघडलेले बॉक्स पुष्कळ बघितलेत. आधी आवाज कशाबरोबर चढतो ते बघा. हँडब्रेक ओढा, लिव्हर पी (पार्क) मध्ये ठेवा आणि रेस द्या. गाडी उभी असली तरी बॉक्सचा ऑइल पंप इंजिनाबरोबर फिरतच असतो. तिथेच आवाज चढला तर संशय पंपाच्या बाजूला: तेल कमी, तेल गाळणारी जाळी (फिल्टर) तुंबलेली, नाहीतर पंपच गेलेला. पी मध्ये गप्प आणि गाडीच्या वेगाबरोबर चढतो, तर मागचं डिफरन्शिअल (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) किंवा चाकाचं बेअरिंग. वळणावर आवाज बदलला तर बेअरिंग आधी बघायचं. एकाच गिअरमध्ये ओरडतो आणि पुढचा पडला की थांबतो, तर प्लॅनेटरी गिअर, म्हणजे बॉक्सच्या आतलेच गिअर, आणि मग पहिला गॅरेजवाला बरोबर.

फसवणूक एकच: अल्टरनेटरही रेसबरोबरच ओरडतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक केसिंगला टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला लावा. पट्ट्यापासून बाही लांब ठेवा.

साताराकर_72
केलं. शेजाऱ्यांना वाटलं, मी गाडीची नाडी बघतोय. पी मध्येही आवाज येतो आणि रेसबरोबर चढतो. अल्टरनेटर गप्प. बॉक्सच्या पुढच्या तोंडाशी मात्र खणखणीत घूंऽऽ. एक सांगायचं राहिलं: दोन महिन्यांपूर्वी रेडिएटर उतरवून साफ करून घेतला होता. पार्किंगच्या फरशीवर पुढच्या बाजूला एक लालसर डाग आहे, तो मला पानाचा वाटला होता.

तेलकट_हात
अहो, हे आधी सांगायचं! बॉक्सचं तेल थंड व्हायला पाइपाने रेडिएटरकडे जातं. तो उतरवताना पाइप सुटला, तेल सांडलं, आणि या बॉक्सला डिपस्टिक (तेल बघायची पट्टी) नाही म्हणून कुणी परत बघितलं नाही. चढावर तेल चेंबरमध्ये (बॉक्सच्या तळाच्या भांड्यात) एका बाजूला सरकतं, जाळीच्या तोंडाशी पुरत नाही, मग पंप तेलाबरोबर हवा ओढतो. तीच तुमची गिरणी.

लेव्हल बघायला गाडी लिफ्टवर सपाट हवी, इंजिन चालू. लिव्हर एकदा सगळीकडून फिरवून पी मध्ये. स्कॅनरवर तेलाचं तापमान मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढं, बहुतेक 40 च्या आसपास, तेव्हाच खालचं लेव्हलचं बूच उघडायचं. बारीक धार यायला हवी. जास्त तापलं की तेल फुगतं आणि कमी असूनही पुरेसं दिसतं. आणि हो, आधी वरचं भरायचं बूच सुटतंय का ते बघा, मगच खालचं सोडा. वरचं गंजून बसलं तर तेल खाली आणि गाडी लिफ्टवर अडकलेली. माझ्या हाताने झालंय हे, 2009 साली.

तेल दुधाळ गुलाबी, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं निघालं तर गाडी सुरूच करू नका. कूलंट शिरलंय.

वंगणवाला
तेलाबद्दल मी बोलतो, माझं कामच ते. मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय?

साताराकर_72
डब्ल्यूएस, टोयोटाचं ऑटोमॅटिक बॉक्सचं तेल.

वंगणवाला
मग तेच, किंवा डब्यावर त्या स्पेसिफिकेशनचा स्पष्ट उल्लेख असलेलं. हे पातळ तेल आहे, 100 अंशांना साधारण साडेपाच सेंटिस्टोक्स (तेलाच्या जाडपणाचं माप). ड्रममधलं बहुधा डेक्स्रॉन 3 (जनरल मोटर्सचं जुनं स्पेसिफिकेशन) म्हणून विकलं जाणारं असेल, ते सातच्या वर. सकाळच्या गारठ्यात पंपाला ते ओढायला आणखी जड. शिवाय जनरल मोटर्सने डेक्स्रॉन 3 चे परवाने 2006 नंतर चालू ठेवले नाहीत, त्यामुळे आज ड्रमवर ते नाव असलं तरी आतलं तेल जनरल मोटर्सने मान्य केलेलं नसतं. लाल तर सगळीच दिसतात, रंग नुसता ओळखीसाठी घालतात. कुणी सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) तेल गळ्यात मारू नये एवढं बघा, त्याचं घर्षणाचं गणितच वेगळं.

साताराकर_72
रविवारी झालं. वरचं बूच आधी सोडलं, अर्धा तास गेला त्यात. 40 अंशांना खालचं उघडलं तर एक थेंब नाही! 1.2 लिटर भरल्यावर धार आली. तेल कोऱ्या चहासारखं, पण टिश्यूवर पसरलं तर कण नाहीत, जळका वास नाही. रेडिएटरजवळच्या पाइपाची क्लिप बोटाने फिरत होती, नवीन लावली. काल मुद्दाम पुण्याला जाऊन आलो, खंबाटकीत आवाज नाही. सकाळी पहिलं मिनिटभर किंचित येतो.

तेलकट_हात
रंग सांगतोय की तेल जुनं झालंय. एका वेळी निम्मंच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. पाचशे-पाचशे किलोमीटरनी तीनदा काढा-भरा, आठवा हिस्सा उरेल जुना. पहिल्याच वेळी चेंबर उतरवून जाळी बदला आणि चेंबरमधलं लोखंडाचे कण धरणारं लोहचुंबक बघा. राखाडी चिखल चालतो. टोचणारे तुकडे दिसले तर मला फोटो टाका.

साताराकर_72
टाकतो. सौ. म्हणते, एसीचा आवाज वेगळा आहे आणि तो अजून येतोय.